शेवटचा बोल्ट

"डोळे मिटा, बापूसाहेब," दादा म्हणाला, "आन् हात आपसूक जिथं जाईल तिथं मूठ वळा."

बापूसाहेब सरनोबतांनी डोळे मिटले. त्यांची दोन दारांची जपानी गाडी गॅरेजच्या मधोमध उभी होती आणि गिअरची जुनी दांडी काढून बाकड्यावर ठेवली होती. त्यांचा डावा हात मांडीवरून घसरला आणि सीटच्या कडेला, अगदी खाली, जाऊन थांबला. दादानं खडूनं तिथं खूण केली. मग त्या खुणेकडे तो बराच वेळ बघत बसला.

"एवढ्या खाली?" मी विचारलं.

"मग आखूडच लागणार की दांडी," बापूसाहेब डोळे उघडून हसले. "त्यासाठीच तर आलोय."

ही नव्याण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं गॅरेज होतं. दादा म्हणजे हिंदुराव लोहार, माझा थोरला भाऊ, आणि मी जयसिंग. शर्यतीच्या गाड्यांचं काम करणारी दुकानं तेव्हा गावात दोन-तीनच होती. शिंप्यानं छातीचं माप घ्यावं तसं आम्ही गिऱ्हाइकाच्या मुठीचं माप घ्यायचो. डोळे उघडे असले की माणूस ऐटीत हात ठेवतो, मिटले की खरा ठेवतो, असं आमचे वडील, अण्णा, सांगायचे. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्यांचे नियम आम्ही जसेच्या तसे पाळत होतो.

बापूसाहेब चोपन्न वर्षांचे. घाटाच्या शर्यती त्यांनी एवढ्या जिंकलेल्या की बक्षिसाच्या ढाली ठेवायला घरात जागा उरली नव्हती. त्यातल्या बारा शर्यतींत दादा त्यांच्या शेजारी बसून वळणं सांगायचा. दादाचा जीव होता त्यांच्यावर. जानेवारीत पुन्हा एक शर्यत होती, आणि बापूसाहेबांना त्यासाठी गिअरची दांडी आखूड करून हवी होती. हात कमी हलला की गिअर लवकर पडतो, एवढा साधा हिशोब.

मुंबईच्या एका दुकानदाराकडून त्यांनी दोन किट मागवून घेतले होते. एक मध्यम. त्यात हाताची हालचाल एक तृतीयांशानं कमी व्हायची आणि दांडीला दोन्ही बाजूंनी चांगल्या कडक स्प्रिंगा होत्या. दुसरा निम्म्यानं आखूड. त्यात स्प्रिंगा नावालाच. सोडली की दांडी आपली आपण मध्ये येईल, याचा भरवसा नाही.

"ह्यो घ्या," दादानं मध्यम किट पुढं सरकवला. "बापूसाहेब, हापशाचा दांडा निम्मा कापला तर काय हुतं? हात कमी हलतोय खरा, पर जोर दुप्पट लागतोय. जेवढी आखूड तेवढी जड. आन् ह्या दुसऱ्यात पहिल्या आन् तिसऱ्या गिअरमधी बोटभर बी अंतर राहत न्हाई."

"मला दुसराच हवाय, हिंदुराव."

"का पर?"

 बापूसाहेब माझ्याकडे वळले. "जयसिंग, लेथवरचा माणूस तू. तू सांग. बसेल का नीट?"

एरवी मला कोण विचारतंय! नऊ वर्षांत गिऱ्हाइकानं माझं मत विचारल्याची ही पहिलीच वेळ. मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढलो. "बसेल की, साहेब. दांडीच्या सांध्यातल्या रबरी कड्या, त्या बुशी, काढून टाकतो आन् पितळेच्या करून घालतो. लोण्यासारखा पडेल गिअर."

 दादानं मध्यम किट गुंडाळून परत खोक्यात ठेवला. त्याच्या गप्प बसण्याला मी होकार समजलो.

चार दिवस मी त्या बुशींवर मरमर मेलो. पितळ कातून, पॉलिश मारून, एका केसाचीही ढिलाई राहणार नाही अशा बसवल्या. नवी दांडी खडूच्या खुणेला बरोबर आली. मी हलवून बघितली. गिअर टाकला की बंदुकीच्या घोड्यासारखा खट्ट आवाज यायचा. जड होती, पण नवीन आहे, चालवून सुटेल, असं मी मनाशी म्हणालो.

आता अण्णांचा मुख्य नियम सांगितला पाहिजे. गिअरबॉक्स, स्टिअरिंग किंवा ब्रेक यांचं काम केलं, की शेवटचा एक बोल्ट ढिला ठेवायचा. मालक गाडी न्यायला आला की गाडीला हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि तो बोल्ट त्याच्या समोर आवळायचा. आणि ज्यानं तो आवळला, त्यानं पहिल्या फेरीला मालकाच्या शेजारी बसायचं. काम बरोबर केलंय हे तोंडानं सांगायचं नाही, बसून दाखवायचं.

नऊ वर्षं तो बोल्ट दादानंच आवळला होता. का, ते उघड आहे. मी भित्रा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, सगळ्या उद्यमनगराला माहीत होतं. लहानपणी आंबोलीच्या घाटात एसटीचा ब्रेक फेल होताना मी खिडकीशी बसलेला होतो. गाडी कठड्याला घासून थांबली, कुणाला काही झालं नाही, पण त्यानंतर घाटातून जायचं म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढून घरी राहायचो. दादा उलटा. त्याला भीती म्हणून कधी शिवलीच नाही. पोरं म्हणायची, हिंदुदादाच्या छातीत इंजिन आहे.

गाडी न्यायला बापूसाहेब सकाळी सहाला आले. अंगात जाड स्वेटर, गळ्याभोवती मफलर. मी नारळ फोडला. दादा गाडीत वाकला, बोल्टला पाना लावला, आणि तसाच थांबला. मग पाना माझ्याकडे केला.

"तू आवळ."

"मी?"

"उद्या बारसं हाय. घरात पावणं आल्यात. मला निघता याचं न्हाई."

खोटं नव्हतं. लग्नानंतर बारा वर्षांनी दादाला मुलगी झाली होती. शालनवहिनीचं माहेर सगळं घरात उतरलं होतं. तरीही पाना घ्यायला मी हात पुढं केला नाही. बापूसाहेब गगनबावड्याला जाऊन करूळचा घाट उतरणार आणि परत चढणार, हे ठरलेलं होतं. करूळ म्हणजे वळणांचं वेटोळं आणि एका अंगाला तळ न दिसणारी दरी.

"दादा, फेरी परवा ठेवू की," मी हळूच म्हणालो.

"आवळ रे," बापूसाहेब सीटवरून म्हणाले. "तूच बसवलंस ना? लोणी ना तुझं?"

आता काय बोलणार! मी बोल्ट आवळला. पाना परत देताना दादाचा हात ओला लागला. नारळाचं पाणी असेल, असं मला वाटलं.

बावड्यापर्यंतचा रस्ता मी जीव मुठीत धरून बसलो होतो, पण तसं घाबरण्यासारखं काही झालं नाही. सपाट रस्ता, गाडी बहुतेक वेळ चौथ्यातच. गिअर बदलायचा झाला की बापूसाहेब सगळं अंग डावीकडे टाकायचे आणि खांद्याऐवजी पाठीनं दांडी ढकलायचे. मुरलेल्या ड्रायव्हरची लकब असेल, असं मी समजलो. तीनदा गिअर पडताना कर्रर्र आवाज आला. तिन्ही वेळा मी माझ्या बुशींना शिव्या घातल्या.

"जड आहे रे," ते एकदा म्हणाले.

"सुटेल साहेब. नवीन आहे."

बावड्यात चहा घेतला. बापूसाहेबांनी कप उजव्या हातात धरला होता आणि डावा हात बगलेत दाबून ठेवला होता. थंडी मरणाची होती. धुकं एवढं, की समोरच्या टपरीचा नुसता दिवाच दिसत होता. आम्ही अर्धा तास थांबलो, धुकं थोडं वर सरकलं, आणि निघालो.

पहिली दोन वळणं नीट गेली. तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं की ते गिअर उतरवत नाहीत. गाडी चौथ्यात, उतार खडा, आणि ते नुसत्या ब्रेकवर गाडी सांभाळतायत. चौथ्या वळणाला टायर किंचाळले. माझ्या खिडकीखाली कठड्याचे पांढरे दगड सर्रकन मागं गेले आणि त्यांच्या पलीकडे नुसतं धुकं होतं.

"साहेब, तिसरा टाका."

"टाकतो."

त्यांनी अंग टाकलं. कर्रर्र. दांडी पुढं गेलीच नाही. पुन्हा चौथ्यातच येऊन बसली.

 बूश सरकली! मी बसवलेली बूश! दुसरा विचारच मनात येईना. मी चार दिवस खपून माझं आणि ह्या माणसाचं मरण पॉलिश करून ठेवलं होतं. खाली वाकून बघावं तर नजर रस्त्यावरून हटत नव्हती. तेवढ्यात वास आला. करपल्याचा, कडू. ब्रेक जळायला लागले होते.

"साहेब, थांबवा. कडेला घ्या. पाया पडतो."

"थांबवतोय." त्यांनी पाय दाबला. मला त्यांचा बूट दिसत होता. पेडल अर्ध्यापर्यंत गेलं, मग पाऊण. गाडी जरा दबली, आणि पुन्हा सुटली. त्यांनी पुन्हा दाबलं. या वेळी पेडल थेट खाली जाऊन टेकलं आणि गाडीला काहीच झालं नाही.

"गिअर, साहेब! गिअर!"

तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघितलं. दांडीवर हात होता, पण नुसता ठेवलेला. बोटं मिटलेली नव्हती. त्यांनी खांदा उचलायचा प्रयत्न केला, चेहरा वाकडा झाला, आणि हात दांडीवरून घरंगळून मांडीवर पडला. दुसऱ्या कुणाचा असावा तसा तिथंच पडून राहिला.

"जयसिंग," ते म्हणाले, "माझा हात गेलाय."

"कुठं गेलाय?" मी विचारलं. बोबडी वळल्यावर माणूस काय बोलेल त्याचा नेम नाही.

"चालत नाही. तू टाक. मी क्लच दाबतो, तू टाक."

माझी बूश जागची हलली नव्हती, पण त्याचं सुख मानायला वेळ कुठं होता? हँडब्रेक ओढावा तर मागची चाकं जागीच धरली असती आणि उतारावर गाडी गरगरा फिरली असती. उरली ती माझी दांडी. गिअर तिसऱ्यात आणि मग दुसऱ्यात उतरला, तर इंजिनच गाडीला धरून ठेवेल.

पण चौथ्यातून तिसरा म्हणजे दांडी सरळ पुढं. त्याच्या डावीकडे, बोटभरही अंतर न सोडता, पहिला. मी बसलेला डावीकडे. माझ्या बाजूनं, माझ्या उजव्या हातानं दांडी धरली, तर ती माझ्याकडे ओढली जाणार. म्हणजे पहिल्यात. त्या वेगात पहिला पडला की मागची चाकं अडकणार आणि आम्ही दगडांवरून त्या धुक्यात. मध्यम किट असता तर कडक स्प्रिंगांनी दांडी तिसऱ्याच्या तोंडाशी आणून ठेवली असती. तो खोक्यात होता. ह्याला मीच 'बसेल' म्हणालो होतो.

 खरंच सांगतो, हात दांडीपर्यंत जाईना. पुढचं वळण दिसायला लागलं होतं.

"जयसिंग! क्लच दाबलाय!"

लेथवर मला शिकवताना दादा एक गोष्ट शंभरदा सांगायचा. हत्यार आवळून धरलं की ते तुझ्याकडं येतंय. धरू नको, ढकल. मी मूठ उघडली. दांडीच्या डाव्या अंगाला सपाट तळवा लावला, माझ्यापासून दूर रेटत, आणि ढकलली. जड होती. देवा, किती जड! माझ्यासारख्या धडधाकट माणसाला जड, मग त्या हाताला काय झेपणार होती? खट्ट.

एका श्वासापुरतं काहीच झालं नाही. तो श्वास मला अजून आठवतो. मग इंजिन कण्हलं, माझी मान पुढं गेली, आणि गाडी कुणीतरी मागून धरावी तशी दबली. तिसरा.

वळण आलं. बापूसाहेबांनी एका हातानं स्टिअरिंग असं फिरवलं की बारा शर्यतींत दादानं काय बघितलं असेल ते मला कळलं. माझ्या बाजूचा आरसा कठड्याला लागून तुटला. मी डोळे मिटले नव्हते. मिटायचं विसरलो होतो.

"आता दुसरा. मी सांगतो तेव्हा," ते म्हणाले. आवाज एकदम शांत. "आता."

दुसरा म्हणजे माझ्याकडे आणि मागं. या वेळी मी धरली आणि जिवाच्या आकांतानं ओढली. गाडी गुरगुरली, थरथरली, आणि वेग सायकलीएवढा झाला. पुढं डोंगराच्या अंगाला रस्त्याच्या कामासाठी खडी टाकलेली होती. बापूसाहेबांनी गाडीचं नाक त्या ढिगात घातलं. मी हँडब्रेक ओढला. खडी बॉनेटवर येऊन पडली आणि सगळं थांबलं.

मी दार उघडून बाहेर पडलो आणि बावड्याचा चहा रस्त्यावर ओकलो. मग खडीवरच बसलो. बापूसाहेब गाडीतच होते. उजव्या हातानं डावा हात मांडीवरून उचलून, पोराला घ्यावं तसा त्यांनी पोटाशी धरला होता.

"मानेतली नस दबलीय," ते म्हणाले. "सहा महिने झाले. डॉक्टरनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. खांदा उचलत नाही, पण मनगट चालायचं. वाटलं, दांडी मांडीपाशी आली की मनगटावर भागेल." जरा वेळानं म्हणाले, "हिंदुराव सांगत होता, जड होईल म्हणून. मला फक्त आखूड एवढंच ऐकू आलं."

मी रागवायला हवं होतं. पण अंगात राग धरायलाही जोर उरला नव्हता.

तेवढ्यात वरून हॉर्न ऐकू आला, सारखा, न थांबता. वळणावरून आमची जीप आली आणि करकचून थांबली. दादा उतरला. अंगात घरातला पायजमा आणि बनियन, पायात वहिनीच्या चपला. ज्याला घरातून निघता येणार नव्हतं, तो पंचावन्न किलोमीटर आमच्या मागं जीप हाणत आला होता. कुणी बोलावलं नव्हतं. तेव्हा मोबाइल कुणाकडे होते?

त्यानं गाडीकडे बघितलं नाही. बापूसाहेबांकडेही नाही. माझ्या पुढ्यात येऊन त्यानं माझे खांदे, हात, डोकं चाचपलं. पहिलवानानं गडी चाचपावा तसं, पुन्हा पुन्हा. मग तो माझ्यासमोर खडीतच बसला.

"हिंदुराव," बापूसाहेब गाडीतून म्हणाले, "तुला कळलं होतं ना?"

दादानं मान हलवली. "माप घेतलं तवाच. पंधरा वर्षं ती मूठ बघतोय. कुठं जायाची आन् कुठं गेली."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमास्नी? तुमचा हात संपला म्हनून? कसं बोलू?" त्याचा आवाज फाटला. "किट तरी मधला घ्याल म्हटलं. त्यो बी न्हाई घेतला."

मी ऐकत होतो.  सकाळचा पाना मला आठवला. बोल्टला लावून थांबलेला हात. ओला तळवा.

"दादा," मी म्हणालो, "मग पाना मला का दिलास?"

तो खाली बघत होता. एकेक खडा उचलून बाजूला ठेवत होता.

"भ्यालो रं," तो म्हणाला. "रातभर झोप न्हाई. पोरगी कुशीत निजली हुती. बारा वर्षानं. पाना हातात घेतला आन् तिचं त्वांड दिसलं."

"आन् मी?"

त्यानं हातातला खडा मुठीत आवळला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "तुझं अजून लगीन न्हाई. मागं कोन न्हाई तुज्या. असं आलं डोक्यात. एकदाच आलं, जया. तुम्ही गेल्यावर दाराशीच बसलो, मग जीप काढली." आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

ज्याच्या छातीत इंजिन आहे म्हणून पोरं सांगायची, तो माझा दादा करूळच्या घाटात, वहिनीच्या चपला घालून, हमसून रडला. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. दोन्हींतलं काहीच मी केलं नाही. उठलो आणि दोर आणायला जीपकडे गेलो.

गाडी ओढून आणली. दुसऱ्या दिवशी बारसं झालं. पाळण्याभोवती बायकांचा गलका चालला होता. वहिनीनं पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं. दादा दारात उभा होता, आत आला नाही. पोरीनं माझं बोट धरलं. तळव्यापासून त्याच बोटापर्यंत दांडीचा काळानिळा वळ उठला होता, त्यावर तिची मूठ बसली. हिच्यासाठी मीही भ्यालो असतो का, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर मला आजही ठरवता आलेलं नाही.

आठवड्यानं मी तो आखूड किट काढला आणि जुनी लांब दांडी परत बसवली. बापूसाहेबांनी गाडी विकली. त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. ते संध्याकाळी दुकानात येऊन बसायचे, उजव्या हातानं चहा प्यायचे.

त्या सकाळबद्दल आम्ही भाऊ पुन्हा कधीही बोललो नाही. माझं लग्न झालं, दोन मुलं झाली. गॅरेज आम्ही आणखी बावीस वर्षं चालवलं. त्या बावीस वर्षांत एकदाही मला शेवटचा बोल्ट आवळायला मिळाला नाही. नारळ फुटला की दादा माझ्यापुढं हात करायचा. साठीला आला, गुडघे गेले, गाडीत बसताना कण्हायचा, तरी पहिल्या फेरीला शेजारी तोच. मी एकदा म्हणालो, "दादा, मी जातो की." त्यानं ऐकलंच नाही असं दाखवलं.

मग मी पाना द्यायचो. देताना आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही. त्याचा तळवा दरवेळी ओला असायचा.